बीडीडी चाळींचा इतिहास रहिवाशांनीच सांगावा म्हणून: नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून बीडीडीच्या २०७ चाळी. त्यातल्या १२१ एकट्या वरळीत, ४२ नायगावात, ३२ ना. म. जोशी मार्गावर, म्हणजे जुन्या डिलाईल रोडला, आणि १२ शिवडीत. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी, स्थापन झालं. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून त्यातून कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत होता. प्रत्यक्षात सोळा-साडेसोळा हजारांवर काम थांबलं. तळमजला आणि वर तीन मजले, मधोमध पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, मजल्यावर वीस, चाळीत ऐंशी. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. मोरी आत, संडास सामाईक.

आज यातल्या कित्येक चाळी पुनर्विकासासाठी पाडून झाल्या आहेत किंवा रिकाम्या होत आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या ५५६ रहिवाशांना म्हाडाने नव्या इमारतीतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या दिल्या. घर मिळालं ही आनंदाचीच गोष्ट आहे. चाळ राहायला हवी होती असं म्हणणाऱ्याने आधी मजल्यावरच्या सामाईक संडासाच्या रांगेत वर्षभर उभं राहावं. पण घरं सोडतीने मिळतात, मजल्यावरची वीस बिऱ्हाडं वेगवेगळ्या मजल्यांवर पांगतात, आणि ज्या आठवणी चार जण एकत्र बसले की आपोआप निघायच्या, त्या एकेकट्या घरात निघत नाहीत. म्हणून हे काम आत्ता करायचं आहे.

हा लेख चाळीतल्याच एखाद्या मुलामुलीसाठी, मंडळाच्या कार्यकर्त्यासाठी किंवा बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी लिहिला आहे. बीडीडी डोळ्यांसमोर ठेवून लिहिला असला, तरी बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या) चाळी, म्हाडाच्या जुन्या वसाहती किंवा गावोगावच्या हाउसिंग बोर्डाच्या वस्त्या यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. माझं म्हणणं एवढंच आहे की काय सांगायचं, काय गाळायचं आणि सांगितलेलं कुठे ठेवायचं, हे ठरवण्यात रहिवासी पहिल्या दिवसापासून हवेत. त्यांच्याकडून फक्त माहिती काढून घ्यायची आणि इतिहास आपण लिहायचा, या पद्धतीने चाळींवर आजवर भरपूर कागद झाले. ते कागद चाळीत परत आले नाहीत.

रेकॉर्डर काढण्याआधी

पहिले काही आठवडे काहीही रेकॉर्ड करू नका. चाळीच्या कमिटीला, क्रीडा मंडळाला, बुद्धविहाराच्या लोकांना, भजनी मंडळाला, महिला मंडळाला आणि भिशी चालवणाऱ्या बायकांना भेटा. बऱ्याच खोल्या पोलीस कुटुंबांच्या आहेत. त्यांना सहसा कोणी विचारत नाही, त्यांनाही भेटा. तुम्ही चाळीतलेच असलात तरी हे टाळू नका. आपण आपल्या मजल्याचे, आपल्या मैदानाचे असतो; पलीकडच्या चाळीत आपणही पाहुणेच.

या भेटींत एकच प्रश्न घेऊन जा: आपल्या चाळीबद्दल पुढच्या पोरांना काय कळायला हवं असं तुम्हाला वाटतं? उत्तरं लिहून ठेवा. मग ती घेऊन सात ते नऊ जणांचा एक गट बांधा. त्यात निम्म्या बायका हव्यात, विशीतली दोन-तीन मुलंमुली हवीत, आणि वस्तीत जितक्या बाजू असतील तितक्या बाजूंची माणसं हवीत. बीडीडीत अमुक चाळी बौद्धांच्या, तमुक चाळी मराठ्यांच्या किंवा कोकणातल्या अमक्या तालुक्यातल्यांच्या अशी ओळख असते. गटात एकाच बाजूची माणसं बसली तर दुसरी बाजू दार उघडत नाही, आणि मग तुमच्याकडे अर्ध्या चाळीचा इतिहास पूर्ण चाळीच्या नावाने जमा होतो.

या गटाच्या हाती खरे अधिकार द्या. कोणाला भेटायचं, कोणता विषय आत्ता उघड करायचा नाही, प्रदर्शन कुठे लावायचं, पैसे कशावर खर्च करायचे, हे गट ठरवेल. तुम्हाला एखादा निर्णय पटला नाही तर बोला, भांडा, पण शेवटचा शब्द त्यांचा. एखाद्या संस्थेने किंवा कॉलेजने काम दिलं असेल तर ही अट त्यांच्याकडून आधी लेखी मान्य करून घ्या. नंतर घेऊ म्हणाल तर ते नंतर येत नाही.

पैशाचंही तेव्हाच बोला. चाळीतली मुलगी तीन महिने मुलाखती घेणार असेल, ऐकून उतरवून काढणार असेल, तर तिला मानधन द्या. प्रकल्पाच्या कागदावर बाहेरच्या संशोधकाला पैसे आणि रहिवाशाला फक्त "सहभाग" असं असेल तर ते चाळीला लगेच कळतं.

कोण राहून जातं

चाळीचा इतिहास सांगा म्हटलं की पुढे येतात ते मंडळाचे जुने अध्यक्ष, युनियनमध्ये असलेले काका, शाखेतले नाहीतर दलित पँथरमधले दादा. त्यांचं सांगणं मोलाचं आहे. ते नीट घ्या, घाई करू नका. पण ते बोलायला सरावलेले असतात, त्यांची गोष्ट घोटून घोटून गुळगुळीत झालेली असते, आणि त्यांच्या गोष्टीत नळावर कोण उभं होतं हे कधीच येत नाही.

म्हणून यादी मुद्दाम उलटी करा. गिरणीतल्या कामगारांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या मावशी किंवा आता त्यांच्या सुना. गावकीच्या खोल्यांत दहा-पंधरा जणांत राहिलेले, घर गावी असलेले पुरुष. १९८२ च्या गिरणी संपानंतर घरकाम, उदबत्त्या, फॉल-बिडिंग यांवर घर चालवलेल्या बायका. सफाई कामगार. पोटभाड्याने राहून गेलेली कुटुंबं. लग्न होऊन बाहेर गेलेल्या मुली: यांच्याकडे चाळीची सर्वांत स्वच्छ आठवण असते, कारण ती एका वयावर थांबलेली असते. गौरी-गणपतीला किंवा १४ एप्रिलच्या जयंतीला त्या माहेरी येतात. ते दिवस आधीच धरून ठेवा.

म्हातारी माणसं ट्रान्झिट कॅम्पात, विरार-बदलापूरला मुलाकडे किंवा गावी गेलेली असतील. त्यांना आधी गाठा. वयाने मोठ्यांपासून सुरुवात करायची, बाकी क्रम कसाही चालेल.

संमती आणि पात्रतेचा पेच

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण इथे चूक झाली तर माणसाचं घर जाऊ शकतं. पुनर्विकासात पात्र-अपात्र ठरवताना खोली कोणाच्या नावावर, कोण कधीपासून राहतं, कोणाकडून कशी घेतली, हे सगळं तपासलं जातं. आठवण सांगताना माणूस सहज बोलून जातो की खोली मामाच्या नावावर होती, आम्ही नंतर आलो, मध्ये दोन वर्षं दुसऱ्याला दिली होती. तुमच्यासाठी ती गोष्ट; त्याच्यासाठी ती अडचण. खोलीच्या व्यवहाराबद्दल तुम्ही होऊन प्रश्न विचारू नका. आपणहून सांगितलं तर मुलाखत संपल्यावर तो भाग दाखवा आणि काढायचा का विचारा. ज्यांच्या खोलीचा वाद चालू आहे त्यांची मुलाखत वाद मिटेपर्यंत बाहेर काढूच नका.

संमतीपत्र मराठीत, एका पानाचं, मोठ्या अक्षरात. वकिली भाषा नको. साधारण असं चालेल:

"ही मुलाखत मी माझ्या इच्छेने देत आहे. माझा आवाज, फोटो आणि नाव यांपैकी काय वापरायचं ते मी खाली खूण करून सांगितलं आहे. मुलाखतीची प्रत मला मिळेल. त्यातला कोणताही भाग काढायला मी कधीही सांगू शकते. ही मुलाखत विकली जाणार नाही. ती चाळीच्या गटाला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणाला दिली जाणार नाही."

खाली चौकटी: नाव वापरा, फक्त पाळण्यातलं किंवा हाकेचं नाव वापरा, नाव वापरू नका, फक्त चाळीत ऐकवा, सगळीकडे ऐकवा, माझ्या पश्चात ऐकवा. हा शेवटचा पर्याय जरूर ठेवा. बऱ्याच बायका तोच निवडतील, आणि मग मोकळेपणाने बोलतील. वाचता येत नसेल तर पत्र मोठ्याने वाचून दाखवा आणि "हो" रेकॉर्ड करा. सही मुलाखतीनंतर घ्या. आपण काय बोललो हे कळल्याशिवाय माणूस कशाला संमती देणार?

यंत्रसामग्री

चांगला फोन आणि तारेचा कॉलर माइक पुरतो. फोन एरोप्लेन मोडवर टाका, रेकॉर्डिंग शक्यतो वेव्ह फाइलमध्ये करा, पंखा चालत असेल तर एक मिनिट बंद करून फरक ऐका. टीव्ही बंद करायला सांगायला लाजू नका. कुकर लावलेला असेल तर शिट्ट्या होईपर्यंत चहा प्या. त्याच रात्री दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रत काढा. फाइलला तारीख आणि क्रमांक द्या, खोली नंबर फाइलच्या नावात टाकू नका. क्रमांकावरून कोण ते सांगणारी वही वेगळी आणि गटातल्या एका जबाबदार माणसाकडे.

व्हिडिओचा सोस नको. कॅमेरा दिसला की काकू साडी बदलून येतात आणि बोलतातही तशाच, बदलून.

प्रश्न: खोलीपासून सुरुवात

"तुमचा इतिहास सांगा" म्हटलं की समोरचा माणूस गप्प होतो किंवा भाषण देतो. खोलीपासून सुरू करा.

माझी आवडती पद्धत झोपण्याच्या नकाशाची. मोठा कागद घ्या, त्यावर खोलीचा चौकोन काढा, दार, खिडकी आणि मोरी दाखवा, आणि पेन समोरच्याच्या हातात द्या. विचारा: तुम्ही दहा वर्षांचे असताना रात्री कोण कुठे झोपायचं? बस्स. यानंतर तुम्हाला फार बोलावं लागत नाही. आजी मोरीजवळ, कारण रात्री उठावं लागायचं. आईवडील माळ्याखाली, मध्ये साडीचा पडदा. मोठा भाऊ आणि चुलता पॅसेजमध्ये, पावसाळ्यात जिन्यात. गावाहून आलेला पाहुणा मग कुठे? रातपाळीचा माणूस सकाळी आला की कोणाचं अंथरूण घ्यायचा? वहिनी घरात आल्यावर नकाशा कसा बदलला? मुलगी मोठी झाल्यावर? अभ्यास कुठे व्हायचा, मैदानात दिव्याखाली की शेजारच्या रिकाम्या खोलीत? बाळंतीण कुठे? आजारी माणूस कुठे? १६० चौरस फुटांच्या त्या चौकोनात नातं, लाज, मान, पाळ्या, गाव, सगळं येतं. एकाच कुटुंबातल्या दोघांना वेगवेगळे नकाशे काढायला लावा आणि शेजारी शेजारी ठेवा. भाऊ आणि बहीण यांचे नकाशे एकसारखे येतील ही अपेक्षा ठेवू नका.

दुसरा कागद मजल्याचा. वीस खोल्या, मधला पॅसेज, नळ, संडास, जिना. कोणाच्या दाराशी बायका भाजी निवडत बसायच्या, कोणाकडे पहिला टीव्ही आला, कोणाकडे फोन आला आणि अख्ख्या मजल्याचे निरोप कोण घ्यायचं, पाण्याची वेळ काय, नंबर लावायला काय ठेवायचे, बादली की कळशी की नुसता दगड. कोणाच्या घरात पाणी प्यायला जात नव्हते, हेही विचारा. घाबरत विचारू नका आणि चेव आणूनही विचारू नका. समोरचा माणूस सांगेल तेवढं घ्या.

तिसरा कागद वस्तीचा. नकाशावरची सरकारी नावं आणि लोकांची नावं यांत फरक असतो. २०२२ मध्ये वरळीच्या वसाहतीला बाळासाहेब ठाकरे, नायगावच्या वसाहतीला शरद पवार आणि ना. म. जोशी मार्गावरच्या वसाहतीला राजीव गांधी यांचं नाव द्यायचं जाहीर झालं. रहिवाशांच्या तोंडी मात्र जांबोरी मैदान, आंबेडकर मैदान, अमक्याचा कट्टा, तमक्याची पानाची गादी, नळाचा कोपरा अशी नावं आहेत. यातली मैदानं टिकतील, कट्टे टिकणार नाहीत. तेव्हा प्रत्येक कट्ट्याचं नाव, ते कोणामुळे पडलं आणि तिथे कोण बसायचं, एवढं तरी लिहून ठेवा.

मुलाखत तासा-सव्वा तासावर नेऊ नका. दुपारी दोन ते चार बायकांना सोयीचं, संध्याकाळी सातनंतर पुरुषांना. समोरचा माणूस थांबला तर तुम्हीही थांबा. मनात दहापर्यंत मोजा. खरी गोष्ट बहुतेक वेळा त्यानंतर येते.

साल कसं पकडायचं

"ते कोणत्या साली?" हा प्रश्न विचारू नका. साल कोणाच्या लक्षात नसतं, प्रसंग असतात. खुंटीला सदरा अडकवावा तसं आठवण प्रसंगाला अडकवून घ्या. काही खुंट्या मुंबईत सगळ्यांना ठाऊक आहेत. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आणि १ मे १९६०. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. बहात्तरचा दुष्काळ, जेव्हा गावाकडची माणसं खोलीत वाढली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. आणीबाणी. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला डॉ. दत्ता सामंतांचा गिरणी संप, ज्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. इंदिरा गांधींची हत्या. ९२-९३ ची दंगल आणि मार्चचे बॉम्बस्फोट. २६ जुलै २००५ चा पाऊस. "वहिनी घरात आल्या तेव्हा संप सुरू झाला होता का?" असं विचारलं की वर्ष जवळजवळ बरोबर लागतं.

संपाबद्दल विचारताना नुसतं "संपात काय झालं" नको. शेवटचा पगार कधी झाला, त्यानंतर वाण्याकडे उधारी किती दिवस चालली, भांडी कोणती गेली, मंगळसूत्रातले मणी कधी गेले, मुलांची शाळा कोणाची सुटली, गावी कोण परत गेलं, कोण आलंच नाही. गिरणीचं खातंही विचारा: साचेखात्यात की अन्य कुठे, कायम की बदली, म्हणजे कायम कामगार गैरहजर असला तरच काम मिळणारा. बदली कामगाराची आठवण आणि कायम कामगाराची आठवण यांत फार अंतर असतं. आणि भोंगा. कोणत्या गिरणीचा भोंगा कोणत्या चाळीत ऐकू यायचा आणि त्यावर घरात काय काय चालायचं, हे आता ऐकवायला भोंगा नाही. माणसंच सांगू शकतात.

जुने कागद घरातच असतात

भाडेपावत्या, रेशनकार्ड, गिरणीचा पास, बदली कार्ड, शाळेचा दाखला, लग्नपत्रिका, मंडळाची वर्गणीची पुस्तकं, कबड्डीच्या ढाली, जयंतीच्या मिरवणुकीचे फोटो, खाणावळीची वही. यासाठी एक "कागदपत्रांचा रविवार" ठेवा. मंडळाच्या खोलीत टेबल लावा, खिडकीजवळ, सावलीतल्या उजेडात. माणसाने कागद आणला की त्याच्यासमोर फोटो काढा किंवा स्कॅन करा, मागची बाजूही घ्या, आणि कागद पाच मिनिटांत त्याच्या हातात परत द्या. "दोन दिवसांत आणून देतो" हे शब्द तोंडातून काढू नका. अशाच शब्दांवर विश्वास ठेवून चाळींतले कित्येक फोटो बाहेर गेले आणि परत आले नाहीत. पात्रतेचा पुरावा ठरणारे कागद, म्हणजे पावती आणि रेशनकार्ड, घरातून बाहेर आणूच नका असं सांगा. त्यांच्यासाठी तुम्ही घरी जा, आणि नंबर झाकून फोटो घ्या.

फोटोत कोण आहे ते तेव्हाच विचारून घ्या, डावीकडून उजवीकडे, हाकेच्या नावांसह. नाव नसलेला फोटो दहा वर्षांनी नुसता जुना फोटो होतो.

बाहेरचे कागदही पाहा, पण नंतर. मुंबईत फोर्टला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र पुराभिलेखागाराचं दफ्तर आहे. सरकारी खात्यांचा जुना पत्रव्यवहार तिथे मिळतो. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुनी मराठी नियतकालिकं चाळता येतात. या कागदांतून कळतं की सुरुवातीला बऱ्याच खोल्या रिकाम्या पडून होत्या, भाडं कामगाराला न परवडणारं होतं आणि वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब वाटायची. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळी सत्याग्रहींसाठी तुरुंग म्हणून वापरल्या गेल्या. हे गटाच्या बैठकीत वाचून दाखवा आणि मग विचारा की आजोबा याबद्दल काही बोलायचे का. कागद आणि आठवण जुळली नाही तर आठवण चुकली असं लगेच धरू नका. दोन्ही लिहा, आणि दोन्हींच्या बाजूला कोण सांगतंय ते लिहा. कागद लिहिणाराही कोणाच्या तरी बाजूचा असतो.

जखमेवरच्या गोष्टी

वरळीत काम करणाराला १९७४ टाळता येत नाही. ५ जानेवारी १९७४ च्या दलित पँथरच्या सभेनंतर बीडीडीत दंगल उसळली, आठवडे चालली, नायगावपर्यंत पोचली. १० जानेवारीला परळमध्ये मोर्चावर दगड पडून भागवत जाधव ठार झाले. पुढे न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्या दंगलीतली माणसं अजून त्याच वस्तीत राहतात; ज्याने मारलं आणि ज्याला लागलं ते एकाच लिफ्टमधून जाणार आहेत.

यासाठी माझे काही आग्रह आहेत. हा विषय पहिल्या मुलाखतीत काढू नका. दोन्ही बाजूंची माणसं गटात असल्याशिवाय याला हात लावू नका. हल्ला केल्याचा आरोप असलेल्या खासगी माणसाचं नाव रेकॉर्डिंगमध्ये आलं तर ते बाहेरच्या प्रतीतून काढा, मूळ प्रत बंद ठेवा. "दोन्हीकडून चुका झाल्या" असं वाक्य लिहून विषय मिटवू नका. कोणाच्या घरात पोलीस घुसले, कोणाच्या खिडकीतून काय आलं, कोणी कोणाला लपवून ठेवलं, हे ज्याने सांगितलं त्याच्याच शब्दांत ठेवा. मराठा शेजाऱ्याने बौद्ध शेजाऱ्याला आपल्या माळ्यावर ठेवलं अशा गोष्टी निघाल्या तर त्या घ्याच, पण त्यांचा वापर बाकीच्या गोष्टींवर पांघरूण घालायला करू नका. आणि सांगताना कोणी रडलं तर रेकॉर्डिंग थांबवा, त्या दिवशी पुन्हा सुरू करू नका, दुसऱ्या दिवशी जाऊन नुसतं विचारपूस करून या.

९२-९३ बद्दलही हेच.

चाळीत परत आणा, तेही लवकर

दहा-बारा मुलाखती झाल्या की थांबा आणि जमलेलं चाळीसमोर मांडा. वर्षभराने मोठं पुस्तक काढू म्हणत बसलात तर तोवर सांगणारी दोन-तीन माणसं गेलेली असतील.

सर्वांत सोपं म्हणजे ऐकण्याची संध्याकाळ. पॅसेजमध्ये किंवा मैदानात सतरंज्या, एक स्पीकर, प्रत्येक मुलाखतीतली तीन-चार मिनिटं. ज्यांचा आवाज आहे त्यांची परवानगी आदल्या दिवशी पुन्हा घ्या. ऐकणारे मध्येच बोलतील, "तसं नव्हतं, नळ त्या बाजूला होता" म्हणतील. तेही रेकॉर्ड करा. अशा दुरुस्त्यांतून कित्येकदा मुलाखतीपेक्षा जास्त मिळतं.

पॅसेजमध्ये दोऱ्या बांधून, कपड्यांच्या चिमट्यांनी फोटोंच्या मोठ्या प्रती लावा. खाली पेन ठेवा, नावं लोकच लिहितील. गणेशोत्सवाचा देखावा हे तर आपल्या मंडळांचं हक्काचं माध्यम. झोपण्याच्या नकाशांवरून १६० चौरस फुटांची खोली खऱ्या मापात उभी करा. लाकूडकाम, रंगकाम करणारी पोरं चाळीत असतातच. पण फक्त गणपतीत केलंत तर ते एका बाजूचं होतं. जयंतीलाही तेवढंच करा, किंवा १ मे धरा. कामगार दिन आणि महाराष्ट्र दिन, दोन्ही सगळ्यांचे.

शिकागोमध्ये सरकारी वसाहती पाडायचं ठरलं तेव्हा तिथल्या रहिवाशांनीच एक इमारत राखून तिचं संग्रहालय करा अशी मागणी लावून धरली. १९३८ मध्ये बांधलेल्या जेन ॲडम्स होम्सची उरलेली एकमेव इमारत अशी वाचली, आणि एप्रिल २०२५ मध्ये तिथे नॅशनल पब्लिक हाउसिंग म्युझियम उघडलं. आत वेगवेगळ्या काळातल्या कुटुंबांची घरं पुन्हा मांडली आहेत. मागणी आणि उद्घाटन यांच्यामध्ये वीसहून जास्त वर्षं गेली. आपल्याकडे कोणी एखादी चाळ राखायचं म्हणालं तर रहिवाशांच्या गटाने त्याच्या आराखड्यात पहिल्या बैठकीपासून बसण्याचा हट्ट धरावा. आतली खोली कोणाची दाखवायची, पाटी कोणत्या शब्दांत लिहायची, हे खोलीत राहिलेल्यांनी सांगावं.

प्रती कुठे ठेवायच्या

एक संच चाळीच्या कमिटीकडे किंवा नव्या इमारतीच्या सोसायटीकडे, हार्ड डिस्कवर. एक संच गटातल्या दोन तरुण सदस्यांकडे. एक संच एखाद्या विद्यापीठाकडे किंवा ग्रंथालयाकडे, पण लेखी करारावर, ज्यात गटाला विचारल्याशिवाय काही उघड करायचं नाही असं असेल. एकाच माणसाच्या ईमेल खात्यावर सगळं ठेवणं हा सर्वांत वाईट मार्ग. तो माणूस नोकरी बदलतो, परदेशी जातो, पासवर्ड विसरतो.

मुलाखत दिलेल्या प्रत्येकाला त्याची प्रत द्या, पेनड्राइव्हवर किंवा नातवाच्या फोनवर, जे त्यांना उघडता येईल ते. उतरवून काढलेली पानं छापून, शिवून, हातात द्या. कागद फ्रीजवर, देवाजवळ, कपाटात राहतो. तो पाहुण्यांना दाखवला जातो.

माणसं नव्या घरात गेल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा जा. तोच कागद घ्या, आता ५०० चौरस फुटांचा चौकोन काढा आणि तोच प्रश्न विचारा. सोबत विचारा की शेजारी कोण आलं, दार उघडं राहतं का, म्हातारी माणसं दिवसभर कुठे बसतात, लिफ्ट बंद पडली तर काय होतं, देखभालीचा खर्च किती येतो, भिशी अजून चालते का आणि कुठे भरते. पहिल्या नकाशाला हा दुसरा नकाशा जोडून त्याच क्रमांकाने ठेवा. सोसायटीच्या पहिल्या सर्वसाधारण सभेत हार्ड डिस्कची जबाबदारी कोणाकडे आहे याची इतिवृत्तात नोंद करून घ्या, आणि दरवर्षी त्या सभेत फाइली उघडतात की नाही ते तपासून पाहा.